शालों ते माकों: वाट दाखवणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

ताई, स.न.वि.वि.

तुमच्या टिपणांबद्दल आभार मानायला हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण फ्रान्समध्ये सायकलवर फिरायचं मनात असलेल्या मराठी मंडळींना ती टिपणं आमच्याइतकीच कामाची आहेत. तुमचं नाव कुठेही द्यायचं नाही, ही अट पाळली आहे.

पहिले आभार 'व्हेलोरूत' आणि 'व्वा व्हेर्त' यांतला फरक आधीच स्पष्ट केल्याबद्दल. व्हेलोरूत म्हणजे सायकलवाल्यांसाठी पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात गाड्या येणारे लहान गावरस्तेही धरलेले असतात. ल्वार नदीच्या काठचा नावाजलेला 'ल्वार आ व्हेलो'सुद्धा बऱ्याच ठिकाणी अशाच रस्त्यांवरून जातो. व्वा व्हेर्त मात्र मोटारींना बंद. 2004 पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिची वेगळी व्याख्या आहे आणि तिची पाटी निळी, चौकोनी असते. मुलं बरोबर असतील तर मार्गाच्या मोठ्या नावावर जाऊ नये, एकेक टप्पा तपासून घ्यावा, हे तुम्ही किती बरं केलंत सांगून.

तुम्ही सुचवलेला, पूर्व फ्रान्समधला शालों-सुर-सोन ते माकों हा टप्पा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी अगदी योग्य आहे. वाट जुन्या रेल्वेच्या भरावावरून जाते, त्यामुळे अंगावर येणारा चढ जवळजवळ नाही. यातला जिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा भाग 1997 मध्ये खुला झाला. पुढे दोन्ही टोकं वाढली आणि आता सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर होतात. गुळगुळीत डांबर, बाजूला द्राक्षमळे आणि गायरानं, मधे ब्युसी, सँ-जाँगू, कॉर्मातँ अशी गावं. दमाचे गडी एका दिवसात संपवतात, पण क्लुनीला मुक्काम करावा हा तुमचा आग्रह पटला. 910 साली स्थापन झालेल्या तिथल्या ख्रिस्ती मठाचं प्रचंड चर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दगडासाठी फोडलं गेलं. उरलेला भाग पाहायलाच अर्धा दिवस लागतो.

आता ब्रेकबद्दल. टिपणातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची होती, आणि नेमकी हीच कुठल्या प्रवासी माहितीपत्रकात सापडत नाही. आपल्याकडे सहसा उजव्या मुठीतला ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, फ्रान्समध्ये डाव्या मुठीतला. भाड्याची सायकल घेतली आणि घाईत सवयीने 'मागचा' म्हणून डावा ब्रेक करकचून दाबला, की पुढचं चाक जागीच अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ओल्या पानांवर तर चाक बाजूलाच निसटतं. म्हणून सायकल ताब्यात घेताना बसायच्या आधी एकेक मूठ दाबून सायकल पुढे ढकलायची. मागचं चाक उचललं जाईल ती मूठ पुढच्या ब्रेकची. तिच्यावर रंगीत चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. केबलचे ब्रेक असतील तर दुकानदाराला विनंती करून बाजू बदलून घेता येतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये नळीची लांबी आणि तेल भरण्याचं काम आड येतं, तिथे आग्रह धरू नये. त्याऐवजी गाड्या नसलेल्या आवारात पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबण्याचा सराव करावा.

त्याच्याच जोडीला उजव्या बाजूने चालवण्याची सूचना. शहरातल्या रस्त्यावर बाजू चुकत नाही, कारण समोरून येणारी गाडीच आठवण देते. मोकळ्या वाटेवर ती आठवण देणारं कोणी नसतं. तास दोन तास सामसूम असली की हात आपोआप डावीकडे सरकतो. मग वळणावर समोरून कोणी आलं तर दोघंही एकाच बाजूला चुकवतात. वळण दिसलं की ओठांनी 'उजवी' म्हणायचं, हा तुमचा उपाय फार साधा आणि पक्का आहे. मागून ओलांडताना बरंच आधी घंटी आणि डावीकडून पुढे. या वाटेवर चालणारे, स्केटिंगवाले, लहान मुलं सगळेच असतात आणि हक्क सगळ्यांचा सारखा. कानात इअरफोन घालून सायकल चालवल्यास 135 युरो दंड आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

गावरस्ता आडवा येतो तिथे गाड्या अडवायला खांब किंवा आडवी फाटकं असतात. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली सायकल हँडलपेक्षा रुंद होते आणि चालवणाऱ्याचा अंदाज हँडलवरून असतो. हँडल पार होतं, पिशवी अडकते, कॅरिअरचा स्क्रू ढिला होतो. उतरून, सायकल आपल्याकडे थोडी कलवून न्यायची. सायकलमागे मुलांची दोन चाकांची ट्रॉली असेल तर आधी ट्रॉलीचं माप घेऊन ठेवावं. आणि क्रॉसिंगवर 'थांबा' किंवा 'वाट द्या'ची पाटी आपल्या वाटेवर असेल तर ती खरोखर आपल्यासाठीच असते. इतका वेळ निवांत आल्यावर तिथेच लक्ष सुटतं.

क्लुनीनंतरचा ब्वा क्लेरचा बोगदा 1.6 किलोमीटरचा आहे. आत दिवे आहेत, तरी आपला पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा हवाच. काळा चष्मा बाहेरच काढायचा आणि जाकीट बोगद्याच्या तोंडाशीच घालायचं, भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो. हिवाळ्यात वटवाघळांच्या विश्रांतीसाठी बोगदा बंद ठेवतात, तेव्हा वरच्या खिंडीतून जावं लागतं आणि तो चढ सामानासकट चांगलाच दमवतो. एप्रिल ते सप्टेंबर हाच काळ धरा, हे तुमचं म्हणणं म्हणूनच बरोबर. बोगद्याच्या पलीकडे माकोंच्या बाजूला द्राक्षमळ्यांतून उतार लागतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचं हे एक कारण. दुसरं कारण 'बीझ' नावाचा उत्तरेचा गार वारा. तो सुटलाच तर पाठीशी असतो.

पंक्चरचं कारण काचेपेक्षा काटा जास्त. कडेच्या कुंपणाची छाटणी यंत्राने होते, तेव्हा ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाचे तुकडे वाटेवर उडतात. छाटणी ताजी दिसली तर मधून चालवायचं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सुती फडकं फिरवायचं, बोट नाही. मोडलेल्या काट्याचं टोक फडक्याचा धागा अडकून सापडतं. ते राहून गेलं तर नवी ट्यूबही अर्ध्या तासात पंक्चर होते. तिथल्या बऱ्याच सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आपला पंप दोन्ही व्हॉल्व्हना चालतो का, हे घरीच बघून घ्यावं.

खाण्यापिण्याच्या सूचनांनी तर शाकाहारी मंडळींची मोठीच सोय झाली. गावातली बेकरी बहुधा आठवड्यातून एक दिवस बंद, पुष्कळदा सोमवारी. दुकानं दुपारी बारा ते दोन बंद. रविवारी दुपारनंतर काही मिळेल ही आशाच नको. म्हणून शनिवारी संध्याकाळी दीड दिवसाचं घेऊन ठेवायचं. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. पोहे, भाजणी नेता येते, पण गॅसचा डबा विमानात चालत नाही. तो तिथे पोचल्यावर घ्यायचा आणि घेताना आपल्या स्टोव्हला आट्यांचा लागतो की भोक पाडून बसवायचा, ते बघायचं. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीतला नळ, ही युक्ती लाख मोलाची. नळावर 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नव्हे.

परतीसाठी माकोंहून शालोंला टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेगाडी आहे. सायकलला जागा मोजक्याच, आणि काही डब्यांत ती पुढच्या चाकाने हुकाला टांगावी लागते. पिशव्या फलाटावरच काढून, एका पट्ट्याने एकत्र बांधून तयार राहायचं. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. माकोंची स्टेशनं दोन आहेत. माकों-लोशे हे टीजीव्हीचं स्टेशन गावाबाहेर, माकों-व्हिल गावात. घडी करून किंवा चाकं काढून पिशवीत भरलेली सायकल टीजीव्हीत न्यायची तर पिशवी 130 बाय 90 सेंटिमीटरच्या आत बसली पाहिजे.

रेल्वे नको असेल तर सोन नदीच्या काठाने तुर्न्युमार्गे शालोंला परतता येतं. हा 'व्वा ब्ल' नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा भाग. इथे मधूनमधून दाबलेली बारीक खडी लागते, तेव्हा निदान 35 मिलिमीटरचे टायर हवेत. पावसानंतर ती खडी चिखल होऊन ब्रेकपॅड खाते, म्हणून रोज संध्याकाळी चाकाच्या कडा पुसायच्या. सोनचा पूर सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो. वसंत ऋतूच्या सुरुवातीला जायचं असेल तर काठाची वाट पाण्याखाली नाही ना, हे आधी विचारावं आणि असली तर रेल्वेच धरावी.

ताई, एवढं सगळं तुम्ही नोकरी सांभाळून, विचारेल त्याला, पुन्हा पुन्हा लिहून पाठवता. पुढच्या मंडळींसाठी या टिपणांची एक प्रत करून ठेवत आहोत. त्यात ब्रेकची सूचना पहिल्या पानावर आहे, आणि दफनभूमीच्या नळांच्या जागा नकाशावर मांडल्या आहेत. एकदा नजर घालून काही बदललं असेल तर कळवा.

आपले ऋणी,
पुण्याची सायकलस्वार मंडळी