तलावातला तास आणि पोहण्याची मिनिटं

संपादक महोदय,

‘तासभर पोहा, चारशे-पाचशे कॅलरी जाळा’ अशी वाक्यं आरोग्य पुरवण्यांत वरचेवर वाचायला मिळतात. आकडा खोटा नाही. पण तो ज्या माणसासाठी काढलेला असतो, तो माणूस माझ्या प्रौढांच्या बॅचमध्ये क्वचितच सापडतो, म्हणून हे पत्र. मी पोहायला शिकवते. ‘मॅडम, पोट किती दिवसांत आत जाईल?’ हे लोक पाण्यात पाय बुडवायच्या आधीच विचारतात.

आधी हिशोब सांगते. ७० किलो वजनाचा माणूस बेताच्या गतीने अर्धा तास पोहला, तर साधारण २०० ते २२० कॅलरी खर्च होतात. तेवढाच वेळ झपझप चालला तर १५० च्या आसपास. म्हणजे पोहणं सरस. अट एवढीच की मध्ये थांबायचं नाही, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही. पंचवीस मीटर कसेबसे कापायचे, कठडा धरून दम खायचा, गॉगलमधलं पाणी काढायचं, शेजारच्याशी दोन वाक्यं बोलायची, मग पुन्हा भिंतीला पाय लावायचे. मी अधूनमधून गुपचूप स्टॉपवॉच लावते. तासाच्या बॅचमध्ये हातपाय खरोखर चालू असतात ती मिनिटं बहुतेकांच्या बाबतीत वीसच्या पुढे जात नाहीत. घरी गेल्यावर मात्र डोक्यात पाचशेचा आकडा असतो, आणि खाणं त्या आकड्याला धरून होतं.

यात आळशीपणा नसतो. श्वासासाठी डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि पाणी सगळ्या बाजूंनी अडवायला लागतं. माणूस पाण्याशी झुंजतो आणि दोन लॅपमध्ये संपतो. म्हणून वजनासाठी येणाऱ्यांनाही मी आधी पाण्यात श्वास सोडायला शिकवते. त्यांना ते आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात. श्वास बसल्याशिवाय सलग वीस मिनिटं पोहणं होत नाही, आणि तोवर वजनाची गोष्ट काढण्यात अर्थ नाही.

पुढची अडचण उलट बाजूची आहे. पोहणं चांगलं यायला लागलं की तेच अंतर कमी ताकदीत कापलं जातं. वर्षानुवर्षं रोज त्याच संथ गतीने तेवढ्याच लॅप मारणारे सभासद मी पाहते. वजन जिथल्या तिथे. अशांना मी वेग वाढवायला सांगते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे गती थोडी वाढवली तरी खर्च बराच वाढतो. एक लॅप जोरात, थोडी विश्रांती, पुन्हा एक जोरात, असं दहा-पंधरा मिनिटं करून बघा. त्यानंतर कठड्यावर गप्पा मारायला श्वास उरत नाही.

आता भूक. पोहून आल्यावर कडकडून भूक लागते हे कुणाला सांगायला नको. २००५ साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. त्याच माणसांना एकदा २० अंशांच्या आणि एकदा ३३ अंशांच्या पाण्यात बसून सायकल मारायला लावली. खर्च झालेली ऊर्जा जवळपास सारखीच, पण थंड पाण्यातून निघाल्यावर त्यांनी ४० टक्क्यांहून जास्त खाल्लं. त्यामुळे पाणी थंड असेल त्या दिवशी तलावावरून सरळ स्वयंपाकघरात जाऊ नका. आधी अंग कोरडं करा, गरम कपडे घाला, थोडं चाला, मग खायला बसा.

पोहण्याने वजन उतरतच नाही असं म्हणणारे १९८७ च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात. त्यात खाण्यावर बंधन नसलेल्या स्थूल स्त्रियांपैकी चालणाऱ्यांचं वजन सुमारे १० टक्के आणि सायकल चालवणाऱ्यांचं १२ टक्के उतरलं, पोहणाऱ्यांचं मात्र उतरलं नाही. पण २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० ते ७० वयाच्या, व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून तीनदा व्यायाम. वर्षभराने पोहणाऱ्या गटाचं वजन चालणाऱ्या गटापेक्षा सरासरी १.१ किलोने जास्त उतरलेलं होतं. एक किलो शंभर ग्रॅम! जाहिरातीत हा आकडा कुणी छापणार नाही, पण मला तो खरा वाटतो. तलावावर मी पाहते तोही साधारण इतपतच असतो.

ज्यांचे गुडघे चालण्याला नाही म्हणतात, त्यांच्यासाठी मात्र मी पोहण्याचीच बाजू घेईन. गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराचा भार जेमतेम दहावा हिस्सा उरतो. जमिनीवर दहा मिनिटांत बसकण मारणारी बाई पाण्यात अर्धा तास हालचाल करू शकते, आणि उद्या पुन्हा येऊ शकते. गुडघेदुखीवाल्यांनी ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी, किक तेवढी टाळावी, ती गुडघ्याला पिळते. फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक बरा. पोहता येत नसेल तर छातीभर पाण्यात चालावं. हाडांवर भार येत नसल्याने त्यांच्या मजबुतीसाठी पोहणं फारसं कामाचं नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं किंवा उठाबशा जोडीला हव्यात. मनगटावरच्या घड्याळातली नाडी बघून हिरमुसूही नका. पाण्याच्या दाबामुळे आणि आडव्या शरीरामुळे ठोके जमिनीवरच्यापेक्षा दहाएकने कमीच दिसतात.

ज्यांना या व्यायामाचा सगळ्यात जास्त उपयोग आहे, तेच तलावाकडे फिरकत नाहीत. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतचं ते वीस पावलांचं अंतर, तेही पोहण्याच्या कपड्यांत, त्यांना पार करवत नाही. त्यांना एक सांगते. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे जाड माणूस पाठीवर तरंगायला काटकुळ्यांच्या आधी शिकतो. माझ्या बॅचचे सडपातळ तरुण यावरून दर वेळी चिडतात. लाज वाटत असेल तर गर्दी नसलेली वेळ विचारून घ्या, टॉवेल अगदी काठापर्यंत गुंडाळून या. पाण्यात उतरल्यावर कुणाला काही दिसत नाही, आणि बघायला कुणाला सवडही नसते. जो तो आपल्या नाकातलं पाणी काढत असतो.

– एक जलतरण प्रशिक्षिका