चौघांनी उचललेली बाज

चि. बाळास,
सप्रेम जय ख्रिस्त.

परवा फोनवर म्हणालास, "पप्पा, तिचं सगळं मी बघतो. चर्चच्या मंडळीत कुणाला काही सांगू नका." तेव्हा आई शेजारी बसली होती, म्हणून मी काही बोललो नाही. आता लिहितो.

तू काय करतो आहेस ते मला दिसतं. आठवड्यातून तीनदा सूनबाईचं डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर, जाणं-येणं वेगळं. घरी आल्यावर ती गळून पडते, मग स्वयंपाक तुझा, पोरीचा अभ्यासही तुझा. प्यायचं पाणी मोजून. बटाटा आधी भिजवून, मग उकळून, पाणी टाकून द्यायचं. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून घेतलेल्या, हातावर बीपीचा पट्टा लावू नका, हे नव्या नर्सला सांगणाराही तूच. आणि आता तिला किडनी द्यायचं म्हणतोस. आपल्याकडे नवऱ्यासाठी टेबलावर झोपणाऱ्या बायका पुष्कळ, बायकोसाठी झोपणारे नवरे थोडे. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. आईला अभिमान वाटतो, मला थोडी भीतीही वाटते.

पण एक सांग. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही दोघंही एकाच वेळी खाटेवर असणार. त्या दिवशी गोळ्या आणायला कोण धावणार? पोरीला शाळेतून कोण आणणार? पुढं काही आठवडे तुला जड उचलायचं नाही, आणि तिला जंतुसंसर्गापासून जपायचं. तेव्हा "सगळं मी बघतो" हे कसं जमणार?

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूम गावचा पक्षघाती तुला लहानपणापासून ठाऊक आहे: गर्दीमुळं आत जाता येईना, म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट प्रभू येशूपुढं खाली सोडलं. संडे स्कूलमध्ये छप्पर उघडल्याचं चित्र सगळी मुलं रंगवतात. पण ते छप्पर कसलं होतं? तुळया, त्यावर काटक्या, वर माती. आपल्या गावच्या धाब्याच्या घरासारखंच म्हण ना. असं धाबं उकरायचं म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळं पडणार. घरमालक काय म्हणाला असेल, देव जाणे. मार्कनं ते लिहिलेलं नाही. पण बाज उचलणारे चौघे होते, हे मात्र त्यानं आवर्जून लिहिलं. एकटा माणूस, कितीही जिवलग असो, बाज धाब्यावर चढवू शकला नसता. आणि प्रभूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथं लिहिलं आहे.

तू गलतीकरांच्या पत्राचा आधार घेतोस: प्रत्येकानं आपला भार वाहावा. बरोबर, सहाव्या अध्यायाचं पाचवं वचन. पण दुसरं वचन त्याच्या आधी आहे: एकमेकांची ओझी वाहा. तीन ओळी वर बघायला तुला वेळ नव्हता, असं नाही.

योहानाच्या चौथ्या अध्यायातला अंमलदार बघ. पोरगा तापानं मरायला टेकलेला, आणि बाप कफर्णहूमहून डोंगर चढून कान्याला प्रभूकडे गेला. बापाच्या मायेचं एवढं मोठं उदाहरण आपण देतो. पण त्याला घर सोडून जाता आलं, कारण मागं दास होते. तेच दुसऱ्या दिवशी वाटेत सामोरे आले आणि ताप कधी उतरला ते वेळेसकट सांगितलं. कुणीतरी त्या पोराच्या उशाशी बसून होतं, म्हणून.

तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखतो. लोक घरी येतील, हळहळतील, कुणाच्या तरी चुलत्याचं काय झालं ते तिच्यासमोर सांगतील. ते होईल. तेव्हा येणाऱ्यांना भेटायला नको, कामाला लावू. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं डायलिसिसला सोडावं. भगिनी मंडळानं डबा द्यावा, पण मीठ-बटाट्याचा कागद आधी वाचून. प्रार्थना त्यांनी आपापल्या घरी करावी, ती तिथूनही पोचते.

मात्र आधी तिला विचार. त्या गोष्टीत पक्षघाती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही; आपल्या घरात तसं नको. आजार तिचा आहे, कुणाला कळावं ते तिनं ठरवावं. ती नको म्हणाली तर मी पाळकसाहेबांकडे जाणार नाही. हो म्हणाली, तर रविवारी उपासनेनंतर बोलतो. तुझा मेहुणा तर कधीचा विचारतोय, त्याला बुधवारची पाळी दे.

डायलिसिसच्या वेळा आणि फाइलची झेरॉक्स पाठव. आई ऑपरेशनच्या आठवडाभर आधी येईल, मी शेती आवरून मागून येतो. पोरीला पापा.

तुझे,
पप्पा