काळी माती विकत घेऊ नकोस

चिकोडी

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार. घरामागच्या जागेत ट्रॉलीभर काळी माती ओतून घेतोयस म्हणे. थांब की मर्दा! खालचा मुरूम टणकच ठेवून वर वीतभर काळी माती पसरलीस, तर पावसात पाणी त्या सांध्यावर तुंबणार आणि उन्हाळ्यात वर भेगा पडणार. तेवढ्या पैशात शेणखत घे. आहे तोच मुरूम कुदळीनं मोकळा कर, त्यावर खताचा दोन बोटं जाडीचा थर पसर आणि वरच्या वीतभरात कालव.

खत मात्र हातात घेऊन बघ. शेणाचा वास येता कामा नये. मूठ आवळली की ढेकूळ व्हावं, बोट लावलं की सुटावं. कच्चं आणलंस तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी फुकटात येतील.

तुझ्या लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे मला चुनखडीचं काम वाटतं. मातीत लोह असतं, पण चुनखडीत ते मुळांना लागत नाही. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकून बघ, चुनखडी असेल तर फसफसेल. वहिनींना सांग, चुलीची राखही चुन्यासारखीच, ती त्या झाडाला नको. (भांड्यांना चालेल.)

आणि एकदा खत टाकलं म्हणजे झालं, असं अथणीकडं चालत नाही. तुमच्या उन्हात थोडी ओल मिळाली की मातीतले जीव सगळं झपाट्यानं फस्त करतात. दरवर्षी घालावं लागतं, म्हणून फुकटचं बघायचं. ऊसतोड चालू आहे तोवर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, मिळवून ठेव. एवढा माल लोक फडातच पेटवून देतात, मला तर बघवत नाही! पण ते गाडू नकोस. पाचटात नत्र कमी. कुजवणारे जीव मातीतलाच नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. वाफा भिजवून वरच अंथर, खोडापासून चार बोटं लांब. कोरड्या मातीवर घातलंस तर हलकी सर पाचटच पिऊन टाकतं.

पाऊस लागला की रिकाम्या कोपऱ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेर आणि फुलावर यायच्या सुमारास, 45-50 दिवसांनी, गाडून टाक.

रविवारी मी येतोच आहे. इथल्या फडातलं पाचट टेम्पोत घालून आणतो, उतरवायला पोरांना थांबवून ठेव. आईंना नमस्कार.

तुझा,
बाळू