शाळू, हळकुंड आणि महिन्याचे बिल

सांगली, दि. ८ फेब्रुवारी

चि. सौ. मनीषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मुलांना पाकिटातले काही द्यायचे नाही असे ठरवल्यापासून किराण्याचे बिल उतरण्याऐवजी चढले, अशी तुझी तक्रार आहे. सोबतची यादी वाचली आणि कारण ध्यानात आले. पाकीट तू सोडलेलेच नाहीस, भडक रंगाचे सोडून खाकी कागदाचे घेतले आहेस. ज्वारीचे पीठ एक किलो, मोडाची मटकी पाव किलो, हळद शंभर ग्रॅम, आणि सगळ्यावर ‘सेंद्रिय’ हा शब्द. शेतातून निघालेला माल दळण्याची, निवडण्याची, भिजवण्याची आणि पुडी बांधण्याची मजुरी त्या किमतीत असते. तोच माल सुगीत, अख्खा आणि एकदम घेतला, तर पुष्कळसा खर्च वाचतो.

मटकीचेच पाहा. कोरडी मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की मोड येईपर्यंत तिचे वजन दुपटीच्या वर जाते, आणि ही सारी वाढ नळाच्या पाण्याची असते. म्हणजे तू दर आठवड्याला मटकीच्या भावाने पाणी विकत घेते आहेस. मूग, चवळी, हुलगा यांचेही तसेच. तुमच्या साताऱ्याला तर कोरेगावचा वाघ्या घेवडा हाताशी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले हे कडधान्य दारात पिकत असताना तुझ्या यादीत लांबून आलेला राजमा का असावा, हे मला कळले नाही.

आता मुख्य गोष्ट धान्याची. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, आणि भरणी करायची ती याच वेळी. चौघांच्या घरात एका वेळी भाकरी धरली तर महिन्याला आठ किलो, म्हणजे वर्षाला साधारण एक क्विंटल लागेल. घेताना पोत्याच्या तोंडाचा दाणा पाहून भुलू नये. तळापर्यंत हात घालून मूठ काढावी, तळहातावर पसरून फुंकर मारावी आणि दोन दाणे दाताखाली धरावेत. कडकन फुटला तर धान्य वाळलेले आहे. दबला तर त्यात ओल आहे, आणि ओलीचे धान्य कितीही स्वस्त असले तरी पावसाळ्यात त्याला कीड लागतेच. मालदांडी या शाळवाच्या जातीचा दाणा टपोरा आणि मोत्यासारखा असतो. काळसर ठिपक्यांची ज्वारी कोणी ‘गावरान आहे’ म्हणून गळ्यात मारू लागला तर पुढे निघावे.

दळण मात्र आठ दिवसांपुरतेच टाकावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते, आणि मग आपण सुगरण नाही असे वाटून मुली उगाच खट्टू होतात. दुकानातले पीठ कधी दळले हे पाकिटावरच्या तारखेवरून कळत असले, तरी ती तारीख वाचून भाकरी काही जुळून येत नाही. तुम्ही दोघे नोकरीला जाता हे मी विसरलेलो नाही. डबा सकाळी गिरणीत ठेवून संध्याकाळी उचलावा, एवढेच काम आहे.

साठवणीबद्दल स्पष्ट लिहितो. धान्याला दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावे आणि थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावला तरी चालतो. पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर यांच्या वाटेला जाऊ नये. आणि गोदामात वापरतात त्या वायूच्या गोळ्या तर कोणी फुकट दिल्या तरी घरात आणू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

हळदीची काळजी माझ्यावर सोड. इथे नव्या मालाचे सौदे सुरू होण्याचे दिवस आहेत. पूड घेतली की तिच्यात काय मिसळले आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि मेटॅनिल यलोसारखा रंग तर हळदीहून पिवळा दिसतो. म्हणून राजापुरी जातीची हळकुंडे घेऊन, मोडून आत केशरट रंग पाहून, डंकावरून पूड करून आणावी. (हळकुंडही शेतावर शिजवून, वाळवून, पॉलिश होऊनच बाजारात येते, तेव्हा ‘प्रक्रिया नको’ याचा फार काटेकोर अर्थ लावू नकोस.) दीड किलोत तुमचे वर्ष निघेल. चटणीच्या मिरच्या एप्रिलमध्ये घेऊ. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी.

सगळेच घरी करावे असे मी म्हणणार नाही. अख्खी तूर आणून डाळ करणे हा वेळेचा नास आहे. डाळ तयारच घ्यावी, फक्त पॉलिश न केलेली. मीठ आयोडीनयुक्त पुडीतलेच बरे. लाकडी घाण्याचे तेल महाग पडते हे खरे. ते घेऊन हात आखडता ठेवायचा की रिफाइंड घ्यायचे, हे तुझे तू ठरव. गूळ मात्र पिवळाधमक घेऊ नये. तो रंग बहुधा हायड्रोस हे रंग उजळणारे रसायन घालून आणलेला असतो. काळपट, जरा मऊ ढेप दिसायला ओबडधोबड असली तरी तीच घ्यावी.

बिस्किटांचा पुडा क्वचित आणावाच लागला तर पुढची चित्रे न पाहता मागची घटकांची यादी वाच. ज्याचे वजन सर्वांत जास्त, तो घटक कायद्याने पहिला छापावा लागतो. ‘मल्टीग्रेन’ लिहिलेल्या पुड्यावर पहिला शब्द मैदा असेल, तर त्यातल्या नाचणीचे काय समजायचे ते तू समजशीलच.

भाजी राजवाड्याकडे संध्याकाळी उशिरा घेतलीस तर वाटे स्वस्त मिळतील; पालेभाज्या तेवढ्या सकाळी घ्याव्यात, कारण दिवसभर उन्हात बसलेली मेथी निवडताना अर्धी फेकावी लागते.

एकदम खरेदीला पैसे एकदम लागतात, ही खरी अडचण आहे. यंदा शाळवाचे पैसे मी भरतो. तू ते दरमहा थोडे थोडे करून फेड आणि पुढच्या सुगीसाठी तेवढीच रक्कम बाजूला टाकत जा. पन्नास किलोंची दोन पोती ठेवायला कोरडी जागा आहे का, आणि कोठीचे झाकण घट्ट बसते का, हे जावईबापूंना पाहायला सांगून आठवड्याभरात कळव. त्याप्रमाणे मी एक पोते पाठवायचे की दोन, ते ठरवतो.

तुझे,
बाबा