उलटे धरलेले छायाचित्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

जुने गोवे येथील बाँ जेझुस बासिलिकाच्या एका जुन्या छायाचित्रावर, फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी, मी टिपण लिहिले होते आणि आपण हरकत घेतली नसती तर ते तसेच भिंतीवर लागले असते. आपले आभार मी घरी येऊन मानले आहेतच. परंतु माझा चुकीचा निष्कर्ष मी चारचौघांना ऐकवला होता, तेव्हा आपले ऋणही चारचौघांत मान्य करणे उचित.

चित्र वायव्येकडून घेतलेले आहे: पश्चिमेकडे तोंड असलेला दर्शनी भाग उजवीकडे आणि उत्तरेची लांब भिंत डावीकडे. दर्शनी भाग काळपट व भिंत पांढरीफटक दिसल्यामुळे छायाचित्राचा ठसा डाव्या बाजूने फिका पडला असावा असे मी ठरवले आणि संगणकावर ती भिंत जांभ्याला, म्हणजे इमारतीच्या तांबूस दगडाला, शोभेल इतकी गडद करूनही टाकली. ते पाहून आपण रागावला नाहीत; ऊन कोणत्या बाजूचे आहे, एवढेच विचारलेत. ऊन दुपारनंतरचे, म्हणजे दर्शनी भागावर पडलेले. तरीही सावलीतली भिंतच अधिक उजळ.

या कोड्याचे उत्तर चुन्यात होते. 1605 मध्ये अभिषेक झालेल्या या वास्तूला दर्शनी भाग वगळता बाहेरून चुन्याचा गिलावा होता आणि तो 1950 च्या दशकात काढण्यात आला, हे मी वाचलेले होते. चित्रासमोर बसल्यावर मात्र ते आठवले नाही. शिवाय त्या काळी छायाचित्र ज्यांवर उमटे त्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला चटकन आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत, त्यामुळे उन्हातला जांभाही डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी काळा उमटला. आकाशही त्याच कारणाने कोरे राहिले. पांढरी भिंत त्या पांढऱ्या आकाशात विरघळून जायची, पण तांबड्या कौलांची रेघ काळी पडल्याने दोन्ही वेगळी राहिली.

नंतर आपण चित्र उलटे धरायला सांगितलेत, कारण छायाचित्रकाराने ते कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर उलटेच पाहिले होते. तसे धरताच चर्च नाहीसे झाले. उरला एक उंच काळा आकार, त्याला टेकलेला एक लांब पांढरा आकार आणि दोघांच्या मधली कोपऱ्याची उभी कड. ही कड अगदी सरळ आहे. एवढी उंच इमारत चौकटीत घेण्यासाठी कॅमेरा वर कलवला असता तर ती तिरपी झाली असती. छायाचित्रकाराने कॅमेरा सपाट ठेवून भिंगच वर सरकवले असावे, हे आपण खोक्याचा पुठ्ठा हातात घेऊन दाखवलेत. चौकट मोजपट्टीने तीन भागांत विभागण्याचा माझा खटाटोप त्यापुढे पोरकट वाटला.

एका बाबतीत मात्र आपले मत मला अद्याप पटलेले नाही. दारापाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचे पाय स्पष्ट आहेत आणि डोके पुसट; तो वाटसरू असावा, असे आपण म्हणता. चालत्या माणसाचे पाय इतके स्पष्ट आले नसते. इमारतीची उंची कळावी म्हणून त्याला तिथे मुद्दाम उभे केले असावे आणि काचपट्टी उघडी असताना त्याने मान हलवली असावी, असे मला वाटते. टिपणात दोन्ही मते दिली आहेत. पांढरी भिंत पूर्ववत केली आहे.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक सभासद, फोंडा