खडूने लिहिलेले चार आकडे

ती. स्व. काकांना सा. न.

चाकांसाठी फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, गाडी कशी चाललीय ते सांग" म्हणून विषय बदलता. दोनदा झालं. म्हणून आता चारचौघांत लिहितोय, इथे मला मधेच तोडता येणार नाही. नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं तर दक्षिण कॅलिफोर्नियातले सगळे जुन्या गाड्यांचे वेडे शनिवारी तुमच्या गॅरेजसमोर रांग लावतील आणि काकू मला दारात उभं करणार नाहीत.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. माझ्याकडे १९५१ ची शेवरले फ्लीटलाइन आहे. दोन दारांची, छप्पर मागे बंपरपर्यंत घसरत गेलेलं. ती कारखान्यातून निघाली तशी ठेवायची नाहीये मला. इथे 'ट्रॅडिशनल कस्टम' म्हणतात तो प्रकार करायचाय. हवे ते बदल करा, पण १९५३-५४ साली एखाद्या पोराला जमलं असतं तेवढेच. बॉनेटवरचं चिन्ह काढून भोकं शिशाने बुजवायची, डिकीचं हँडल उडवायचं, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची. आमच्या जवळच लिनवुडला बॅरिस बंधूंचं वर्कशॉप होतं. बॉब हिरोहाटा नावाच्या तरुणासाठी त्यांनी १९५१ च्या मर्क्युरीचं जे काही केलं, त्याचे फोटो बघूनच माझ्यासारखे लोक कामातून जातात.

तर सगळं जमलं आणि चाकांपाशी अडलं. आधीच्या मालकाने चकचकीत अलॉय चढवून ठेवली होती, म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज. मला हवी होती त्या काळातली १५ बाय ५ इंचांची साधी पोलादी चाकं. त्यांवर ६.७०-१५ चे रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर आणि वरून त्याच सुमाराच्या कॅडिलॅकचे व्हीलकप. ज्याला विचारावं तो म्हणे, "पाच बोल्ट, पावणेपाच इंचांचं वर्तुळ. पुढे कॅमॅरोलाही तेच होतं. कुठलंही चाक बसेल." बसतं हो. लग्नाच्या पंगतीत बर्म्युडा घालूनही बसता येतं. पण जुना व्हीलकप चाकाच्या बाहेरच्या कडेला चावून बसतो आणि हल्लीच्या चाकांची कडच वेगळी. पहिल्याच खड्ड्यात कॅडिलॅकचा कप आपल्या वाटेने चालू लागतो. शिवाय चाक इंचभर जास्त रुंद असलं की मागच्या स्कर्टला, म्हणजे मागचं चाक अर्धं झाकणाऱ्या पत्र्याला, घासतं ते वेगळंच.

दीड वर्ष शोधलं. पोमोनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पहाटेच्या अंधारात टॉर्च घेऊन लोकांच्या पायांत वाकून लोखंड तपासलं. शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून चार चाकं मागवली. "अस्सल, एकही डाग नाही." आली तेव्हा काळ्या पावडर कोटिंगमध्ये अशी झळकत होती की मी एक रात्र ती दिवाणखान्यात ठेवली, बायकोची बोलणी खाऊन. मला लाल हवी होती म्हणून रंग काढायला दिली. रंगाखालून एका चाकाच्या बोल्टच्या भोकापासून मध्यापर्यंत गेलेला तडा निघाला, वेल्डिंग करून, वर लांबी भरून झाकलेला. फोन केला तर महाशय म्हणतात, "सत्तर वर्षांच्या लोखंडाकडून आणखी काय अपेक्षा?" लोखंडाकडून काहीच नव्हती. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

आणि मग मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, बायको कुणाला तरी माझ्या चाकांचं रडगाणं सांगत होती. मागून तुमचा आवाज आला, "शेवरले कुठल्या सालची?" मी सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मंगळवारी ये. येताना एक जुनी चादर आण."

तुम्ही १९७० साली इथे आलात तेव्हा पहिली गाडी घेतलीत तीही १९५१ चीच शेवरले, पंचाहत्तर डॉलरला, हे मला त्या मंगळवारी कळलं. इंजिन गेल्यावर गाडी भंगारात काढली, पण पाचही चाकं आणि पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं ते भाग, ठेवून घेतलेत. त्या हबवर घरीच ट्रेलर बांधलात आणि मंडळाचं मखर, समया, सतरंज्या इतकी वर्षं त्यातूनच नेल्यात. मी आलो तेव्हा ट्रेलर विटांवर उभा होता आणि पाच चाकं भिंतीला ओळीने टेकून ठेवलेली होती. गंज होता. रंगाचे पोपडे होते. कुठेही हात फिरवून सजवलेलं नव्हतं.

मी वाकून पहिलं चाक उलटं केलं. आतल्या बाजूला पांढऱ्या खडूने लिहिलं होतं, '२८'. दुसऱ्यावर '३५'. तिसऱ्यावर '३१'. चौथ्यावर '५२, मागे लाव'. देवनागरी आकडे, वळणदार, पाचाचं शेपूट खाली ओढलेलं. मला क्षणभर कळेना. मग कळलं की हे थाउ आहेत, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. प्रत्येक चाक ट्रेलरच्या हबवर चढवून, कडेला डायल गेज लावून, हाताने सावकाश फिरवून ते किती थाउ हलतं ते तुम्ही मोजलं होतंत. काकू नंतर म्हणाल्या, सोमवारी साडेअकरापर्यंत गॅरेजातला दिवा चालू होता. तुमचे गुडघे मला माहीत आहेत, काका.

आणि पाचव्यावर आकडा नव्हता. बोल्टच्या एका भोकाभोवती खडूचं गोल वर्तुळ, त्यात केसाएवढी रेघ, आणि खाली दोन शब्द, 'हे नको'. भिंग लावूनच दिसावी अशी रेघ होती ती. "हे दाखवायला ठेवलंय," तुम्ही म्हणालात, "द्यायला नाही." मी तिथेच दुसरीकडे बघत चादर झटकत बसलो. तुम्हाला वाटलं असेल, झुरळबिरळ आहे.

माझे वडील नाशिकच्या सातपूरला टर्नर होते. बिघडलेला जॉब ते असाच खडूने गोल करून बाजूला ठेवत, सुपरवायझरच्या नजरेस पडेल असा. त्यावरून बोलणीही खात. ते गेल्यावर तसला खडूचा गोल मी कुठे पाहिला नव्हता. तो पाहायला मिळेल तर गार्डिनाच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाच्या गॅरेजात, असं कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

गोड बोलणारी माणसं मला या दीड वर्षात पुष्कळ भेटली. तडेवाले महाशय तर प्रत्येक वाक्याला "माय फ्रेंड" म्हणत. तुम्ही मात्र आल्याआल्या झापलंत, "आधी जागेवर जाऊन मोजून बघायला काय झालं होतं?" पैसे घेणार नाही म्हणाला नाहीत हेही बरं झालं, नाहीतर मी अवघडलो असतो. पंचाहत्तर डॉलर घेतलेत, मोजून. "अख्खी गाडी तेवढ्याला आली होती. तिचं उरलंय ते हेच."

टायरवाल्याचं सांगायचं राहिलं. ट्यूब घाल म्हटल्यावर तो पोरगा हसला. ट्यूबलेस टायर अमेरिकी गाड्यांत सर्रास आले ते १९५५ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या या चाकांना रिव्हेट आहेत आणि तिथून हवा झिरपते, हे त्याला समजावता समजावता माझा तास गेला. तुमचं नाव सांगितलं असतं तर तोच आणखी चार प्रश्न विचारायला तुमच्याकडे आला असता, म्हणून गप्प बसलो.

चाकं बाहेरून लाल केली आहेत. आतून रंग लावला नाही. खडूवर साध्या लॅकरचा हात मारलाय, पुसू नये म्हणून. बावन्नवालं मागे उजवीकडे आहे, स्कर्टच्या आड. गाडी ५५ मैलांवर थरथरत नाही. व्हीलकप अजून चारही जागेवर आहेत.

ट्रेलर विटांवर आहे ते मात्र डोक्यातून जात नाही. फ्लीटलाइनची डिकी मोजली. समया, पाट आणि सतरंज्या बसतात. मखर बसत नाही. त्याचं काय करायचं ते रविवारी आलो की बघू.

तुमचा,
शेवरलेवाला