आठ गोळ्या

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी निघताना मी पाकिटातल्या बाबांच्या स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या मोजल्या, आठ जास्त निघाल्या आणि दारातच आईवर ओरडले. आई, चुकलंच माझं. आठवडाभर गोळी दिली नाहीस तेव्हा तुला बाबा दिसत होते, मला फक्त पाकीट दिसलं.

बाबा, तुम्हाला आठवत नसेल. झोपेत तुम्ही पुन्हा एसटीत असायचात. गोधडीच्या काठावर अंगठा दाबून तिकिटं टोचायचात, "सुटे द्या, सुटे द्या" म्हणायचात. एकदा तर दोन वाजता उठून दार उघडलंत, स्टॉप आला म्हणून.

काल डॉक्टरांशी बोलले. आजार एकदम वाढला असं नाही. ही गोळी, डोनेपेझिल, रात्री घेतली की काहींना अशी ठळक स्वप्नं पडतात. गोळी बंद केल्यावर ती थांबली, म्हणजे आई, तुझा अंदाज बरोबर होता. आता गोळी सकाळी, न्याहारीनंतर. आणि इतका खंड पडल्यावर थेट 10 मिलिग्रॅम द्यायची नाही, पुन्हा 5 पासून सुरुवात. 10 केल्यापासूनच पोट बिघडलं होतं ना? मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन कमी पडतं, ही गोळी ते टिकवून धरते. पण तेच रसायन आतडी हलवतं, हृदयाचा ठोकाही मंद करतं. गोळीला काय ठाऊक, डोकं कुठलं नि पोट कुठलं!

मला धास्ती ठोक्याची आहे. बाबांची बीपीची मेटोप्रोलॉलही नाडी मंद करते. मोरीतून येताना त्यांना घेरी आली, ती तू उन्हावर ढकललीस. गुरुवारी ईसीजी काढू. तोवर रोज घड्याळ धरून नाडी मोज. मिनिटाला पन्नासच्या खाली गेली किंवा पुन्हा घेरी आली, तर गुरुवारची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा.

शेजारच्या काकूंनी दिलेली लघवीची ऑक्सिब्युटिनिन मात्र कपाटातही ठेवू नकोस. ती ॲसिटिलकोलिनलाच अडवते. म्हणजे एका गोळीने भरायचं, दुसरीने सांडायचं.

एवढा त्रास असेल तर गोळी हवीच कशाला, असं तू विचारलंस. आजार तिने बरा होणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलंय. पण मध्यंतरी बाबा शर्टाची बटणं स्वतः लावत होते. 5 वर तेवढं टिकतं का पाहू. नाहीच सोसली तर बंद करू, डॉक्टरांना सांगून. मला न सांगता नको.

बुधवारी संध्याकाळच्या गाडीने येते. आंबेमोहोर आणते, पोट सावरेपर्यंत मऊ भात.

तुमची,
ताई